सायंकाळची महाग वीज व शेतमाल प्रक्रिया उद्योग

शेतात पिकलेल्या मालाला शेताजवळच प्रक्रियेची जोड मिळाली तर उत्पादकाच्या पदरात दोन पैसे अधिक पडतात, हे आता सर्वमान्य झाले आहे. दूध शीतकरण केंद्रे, द्राक्षे व बेदाणा यांची शीतगृहे, डाळ गिरण्या, भात गिरण्या, तेल गिरण्या, कापसाचे जिनिंग-प्रेसिंग कारखाने असे अनेक उद्योग आज ग्रामीण महाराष्ट्रात उभे आहेत. त्यांपैकी पुष्कळ सहकारी संस्थांच्या अथवा शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या मालकीचे आहेत. अशा उद्योगाच्या खर्चाचा एक मोठा भाग विजेच्या बिलात जातो आणि त्या बिलातील प्रत्येक रुपया अखेर शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावातूनच वजा होतो.

वीज वाचविण्याचा विषय निघाला की चर्चा सहसा जुन्या मोटारी बदलणे, दिवे मालवणे, पट्टे घट्ट ठेवणे अशा उपायांवर येऊन थांबते. हे उपाय चांगले आहेत व ते करावेतच. परंतु ते सर्व ‘वीज किती वापरली’ या एकाच प्रश्नाशी संबंधित आहेत. ‘वीज केव्हा वापरली’ हा दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असूनही संस्थांच्या संचालक मंडळांपुढे तो क्वचितच येतो. आमच्या मते ग्रामीण प्रक्रिया उद्योगाला आज उपलब्ध असलेली सर्वांत स्वस्त बचत या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. ती साधण्यासाठी उत्पादन कमी करावे लागत नाही. सायंकाळचे काही काम दिवसा उरकावे लागते, इतकेच.

मागणीचा उच्चांक म्हणजे काय ?

धान्य कोठारात ठेवता येते, पाणी तलावात ठेवता येते. विजेचे तसे नाही. ज्या क्षणी ती वापरली जाते त्याच क्षणी कोठे तरी ती निर्माण व्हावी लागते. साऱ्या राज्यात ज्या वेळी सर्वाधिक वीज मागितली जाते त्या वेळेला मागणीचा उच्चांक म्हणतात. वीजकेंद्रे, वाहिन्या व रोहित्रे या सर्वांची क्षमता या उच्चांकाच्या मापाने उभारावी लागते, मग उरलेल्या वेळी त्यांतील काही भाग रिकामा का राहीना. वर्षातून एकदाच येणाऱ्या वऱ्हाडासाठी बारमाही वाडा बांधून ठेवावा, तसा हा प्रकार आहे.

दिनांक ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी सुमारे २,५०,००० मेगावॅटपर्यंत गेली होती. एवढी मागणी पुरविणे सोपे नाही. त्यातही सायंकाळचा काळ विशेष अवघड असतो. देशातील सौरवीज निर्मितीची क्षमता २०२५ च्या प्रारंभी १,००,००० मेगावॅटच्या पुढे गेली. त्यामुळे दुपारी वीज मुबलक असते. परंतु सूर्य मावळू लागताच ही निर्मिती तासा-दोन तासांत शून्यावर येते आणि नेमक्या त्याच सुमारास घरोघर दिवे, पंखे, कूलर व स्वयंपाकाची उपकरणे सुरू होतात. कोळशावरील वीजकेंद्रांची निर्मिती एकाएकी वाढविता येत नाही. त्यांना गती घेण्यास वेळ लागतो. म्हणून ही दरी भरून काढण्यासाठी जलविद्युत् केंद्रांवर भिस्त ठेवावी लागते, कारण ती काही मिनिटांत पूर्ण शक्तीने चालू होतात.

महाराष्ट्रात या कामी कोयना प्रकल्पाचा आधार मोठा आहे. त्याची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. परंतु कोयनेचे पाणी अमर्याद नाही. वीज निर्माण करून हे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस वाशिष्ठी नदीमार्गे अरबी समुद्राकडे जाते, आणि असे किती पाणी वळवावे यावर कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट इतकी मर्यादा घातलेली आहे. ते पाणी जपून, जेथे अत्यंत निकड आहे त्याच तासांसाठी वापरावे लागते. घाटघर येथील २५० मेगावॅटच्या प्रकल्पात तर वीज मुबलक असताना खालच्या जलाशयातील पाणी वरच्या जलाशयात चढविले जाते व उच्चांकाच्या वेळी ते पुन्हा खाली सोडून वीज घेतली जाते. सायंकाळची वीज महाग का असते याचे उत्तर या दोन उदाहरणांत मिळते.

गावाच्या पातळीवरही हा परिणाम जाणवतो. वाहिनीतील विजेची गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर तारा तापून वाया जाणारी वीज चौपट होते. भार वाढला की दाब उतरतो आणि उतरलेल्या दाबावर मोटार अधिक प्रवाह ओढते, तापते व प्रसंगी जळते. सायंकाळी मोटार जळण्याचे प्रकार अनेक गिरणीमालकांच्या परिचयाचे आहेत. तेव्हा उच्चांकाच्या वेळी भार कमी करणे हा परोपकार नव्हे. त्यात उद्योगाच्या स्वतःच्या यंत्रांचेही रक्षण आहे.

दरपत्रकातील मोठा बदल

वेळेनुसार दर ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रातील उद्योगांना नवी नाही. अनेक वर्षे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील वापरास सवलत असे, तर सकाळी ९ ते १२ व सायंकाळी ६ ते १० या वेळांत जादा आकार पडत असे. त्या काळी रात्र ही मंद मागणीची वेळ होती. सवलतीसाठी अनेक कारखान्यांनी रात्रपाळ्या सुरू केल्या. ग्रामीण उद्योगाला मात्र हे नेहमीच जड गेले. रात्री कामगार मिळणे, त्यांची ने-आण, स्त्री-कामगारांची सुरक्षितता आणि अपघाताचा वाढता धोका या अडचणींपुढे सवलतीचे पैसे अपुरे पडत.

सौरविजेमुळे हे चित्र पालटले. केंद्र शासनाने जून २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार १० किलोवॅटहून अधिक मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांस १ एप्रिल २०२४ पासून, व शेतीपंप वगळता इतर ग्राहकांस १ एप्रिल २०२५ पासून, वेळेनुसार दर लागू करावेत असे ठरले. उन्हाच्या आठ तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, आणि उच्चांकाच्या वेळचा दर व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी नेहमीच्या किमान १.२ पट असावा, असे त्यात म्हटले आहे. महाराष्ट्रातही २०२५ सालच्या फेररचनेत सवलतीचे तास रात्रीवरून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेकडे आणण्यात आले. रात्रपाळीवर बेतलेल्या उद्योगांकडून त्यास विरोध झाला व वाद न्यायालयापर्यंत गेला. सबब आपणास नेमके कोणते तास व कोणते दर लागू आहेत, हे प्रत्येक संस्थेने आपल्या चालू बिलावरून पाहून घ्यावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

दिशा मात्र स्पष्ट आहे. दिवसाची वीज स्वस्त व सायंकाळची महाग, हा क्रम सौरनिर्मिती वाढेल तसा अधिकच दृढ होईल. दिवसाउजेडी काम करण्याची सवय असलेल्या ग्रामीण उद्योगाला ही मोठी अनुकूलता आहे. शहरातील अवजड कारखान्यांपेक्षा गावातील डाळ गिरणीला या बदलाचा लाभ अधिक सहजपणे घेता येईल. प्रश्न इतकाच की ती तो घेणार काय ?

बिलात दोन हिशेब असतात

२० किलोवॅटपेक्षा अधिक भाराच्या बहुतेक उद्योगांच्या बिलात दोन वेगळे हिशेब असतात. पहिला, वापरलेल्या युनिटांचा. दुसरा, मागणी आकाराचा, ज्याला व्यवहारात डिमांड चार्ज म्हणतात. महिन्याभरात कोणत्याही एका अर्ध्या तासात (काही मीटरांत पंधरा मिनिटांत) आपला सरासरी भार सर्वाधिक किती झाला, हे मीटर नोंदवून ठेवतो व त्या आकड्यावर हा आकार बसतो. महिन्यातील सुमारे १,४४० अर्ध्या तासांपैकी केवळ एका अर्ध्या तासाची चूक साऱ्या महिन्याचे बिल वाढवू शकते.

उच्चदाब ग्राहकांच्या बाबतीत तर मागील अकरा महिन्यांतील उच्चतम मागणीच्या ७५ टक्क्यांचाही विचार करण्याचा नियम महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत आला आहे. म्हणजे एका दिवशीचा निष्काळजीपणा वर्षभर पाठ सोडत नाही. करारातील मागणी ओलांडली तर जादा भागावर दीडपट आकार पडतो, तो निराळा. शिवाय १ एप्रिल २०२० पासून राज्यातील उच्चदाब ग्राहकांचे युनिट केव्हीएएच या मापाने मोजले जाऊ लागले. त्यामुळे कपॅसिटर नादुरुस्त राहून पॉवर फॅक्टर घसरला तर त्याचा भुर्दंड थेट युनिटांतच भरावा लागतो.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मोटार सुरू करताना ती कित्येक पट प्रवाह ओढते, म्हणून मागणीचा आकडा वाढतो, असे अनेकांस वाटते. परंतु तो झटका काही सेकंदांचा असतो. अर्ध्या तासाच्या सरासरीत तो जवळजवळ दिसत नाही. आकडा वाढतो तो अनेक यंत्रे एकाच अर्ध्या तासात एकत्र चालल्याने. असे बहुधा वीजपुरवठा खंडित होऊन परत आल्यावर घडते. राहिलेले काम भरून काढण्यासाठी सर्व यंत्रे एकदम सुरू केली जातात, शीतगृहाचे सर्व कॉम्प्रेसर पूर्ण भाराने धावतात आणि वर्षातील उच्चांक त्या दिवशी नोंदला जातो. वीज आल्यावर यंत्रे कोणत्या क्रमाने व किती अंतराने चालू करावयाची, याचा लेखी तक्ता स्विचबोर्डाजवळ लावला तरी ही हानी टळते. या उपायास कागदाच्या एका तुकड्यापलीकडे खर्च नाही.

विजेऐवजी कामाचा साठा

वीज साठवून ठेवणाऱ्या बॅटऱ्या आता उपलब्ध आहेत, परंतु लहान उद्योगास त्या अजून परवडतीलच असे नाही. तथापि विजेने केलेले काम मात्र आपण सहज साठवू शकतो. थंडावा बर्फात साठतो, उपसलेले पाणी उंच टाकीत साठते, साफ केलेले धान्य कोठीत साठते. ज्या उद्योगात अशा साठवणीला वाव आहे, त्याला सायंकाळची वीज टाळता येते.

दूध शीतकरण केंद्राचे उदाहरण घेऊ. सायंकाळी ५,००० लिटर दूध जमा होते असे मानू. ते सुमारे ३५ अंश सेल्सिअसवरून ४ अंशांपर्यंत थंड करण्यासाठी अंदाजे १,५०,००० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. हे काम अडीच तासांत प्रत्यक्ष यंत्राने करावयाचे तर शीतकरण यंत्रणेवर सुमारे २३ किलोवॅट, म्हणजे जवळजवळ ३० अश्वशक्तीचा भार येतो, आणि तोही बरोबर उच्चांकाच्या वेळी. आता याच केंद्रात बर्फ साठविणारी टाकी, म्हणजे आइस बँक, बसविली आहे असे धरू. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. म्हणजे वरील कामास सुमारे १,९०० किलो बर्फ पुरतो. तो दिवसाच्या सात तासांत सावकाश तयार केला तर यंत्रणेवरील भार सुमारे १० किलोवॅटच राहतो. सायंकाळी फक्त थंड पाणी फिरविणारा लहान पंप चालतो.

यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बर्फ तयार करताना यंत्रणेला अधिक कमी तापमानावर काम करावे लागते, म्हणून एकूण युनिट थोडे वाढतात. वरील उदाहरणात सुमारे ५८ युनिटांऐवजी ७० युनिट लागतील. म्हणजे वीज जास्त लागते, पण बिल कमी येते. नेहमीचा दर युनिटास ८ रुपये मानला व केंद्राच्या नियमातील किमान फरक धरला, तर सायंकाळचे ५८ युनिट ९ रुपये ६० पैसे दराने सुमारे ५५७ रुपयांचे होतात आणि दिवसाचे ७० युनिट ६ रुपये ४० पैसे दराने ४४८ रुपयांचे. दररोज सुमारे १०९ रुपये, म्हणजे वर्षास ३९ ते ४० हजार रुपये वाचतात. याखेरीज केंद्राचा उच्चांक १३ किलोवॅटने उतरला, आणि मागणी आकार महिन्यास केव्हीएमागे ५०० रुपये मानला, तर त्यात वर्षास सुमारे ७८,००० रुपयांची बचत होते. दोन्ही मिळून रक्कम सव्वा लाखाच्या जवळ जाते. हे दर केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या बिलातील दर घालून हाच हिशेब मांडावा. यातून एक गोष्ट मात्र लक्षात यावी. युनिटांच्या दरातील फरकापेक्षा उच्चांक उतरविल्याने होणारी बचत मोठी असू शकते.

सायंकाळच्या दुधावर ही बचत लिटरमागे सुमारे सहा पैसे होते. सहा पैसे ऐकून कोणी हसेल. परंतु शीतकरण केंद्राचे अंदाजपत्रक अशाच पैशांवर उभे असते. आणि सव्वा लाख रुपये वर्षानुवर्षे मिळत राहिले, तर बर्फाच्या टाकीच्या कर्जाचा हप्ता त्यातून फेडता येईल की नाही, हे संचालकांना पहिल्याच वर्षी कळू शकते.

निरनिराळ्या उद्योगांत काय करता येईल ?

डाळ गिरणीत तुरीची सफाई, प्रतवारी, भरडणी, तेल-पाणी लावून वाळवण व नंतर डाळ फोडणे अशा पायऱ्या असतात. वाळवणीत एक-दोन दिवस जातातच. म्हणजे कामाचा ओघ मुळातच तुटक आहे. प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये पुरेशी कोठी ठेवली, तर सर्व यंत्रे एकाच वेळी चालविण्याचे कारण उरत नाही. सफाईचे यंत्र सकाळी, फोडण्याची यंत्रे दुपारी अशी वाटणी करून मागणीचा उच्चांक पुष्कळ खाली आणता येतो. भात गिरणी व तेल गिरणी यांनाही हेच तत्त्व लागू पडते.

जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुई काढणे व गाठी बांधणे ही दोन कामे निरनिराळ्या वेळी करता येतात. मात्र सुटी रुई साठवून ठेवण्यात आगीचा धोका मोठा असतो. सबब साठ्याची मर्यादा, आगनिवारणाची व्यवस्था व विम्याच्या अटी पाहूनच हा बदल करावा.

शीतगृहात साठविलेला माल हाच थंडाव्याचा साठा असतो. तासगाव-सांगली भागातील बेदाण्याच्या शीतगृहांचे उदाहरण घ्या. भरलेल्या खोलीत शेकडो टन माल थंड झालेला असतो. दारे बंद ठेवली व भिंतींचे उष्णतारोधन चांगले असले, तर काही तास कॉम्प्रेसर बंद राहूनही तापमान फारसे चढत नाही. दिवसा तापमान मर्यादेच्या खालच्या टोकास आणावे व सायंकाळी यंत्रांना विसावा द्यावा. माल चढविणे-उतरविणे सायंकाळी टाळावे, म्हणजे दारे उघडून उष्णता आत येणार नाही. दुपारच्या उष्म्यात कॉम्प्रेसरची कार्यक्षमता थोडी घटते, हा या पद्धतीचा उणेपणा आहे. परंतु कंडेन्सर स्वच्छ ठेवले व त्यावर पाणी नीट फिरत राहिले तर तो बराच कमी होतो.

गावाच्या नळपाणी योजनेचाही येथे विचार करावयास हवा, कारण ग्रामपंचायतीचे बिल हाही गावाचाच खर्च. एक लाख लिटर पाणी ३० मीटर उंच चढविण्यास, पंपसंचाची कार्यक्षमता निम्मी धरली तरी, सुमारे १६ युनिट लागतात. उंच टाकी दुपारीच भरून ठेवली की तेवढी वीज साठविल्यासारखेच होते. सायंकाळी पाणी आपल्याच भाराने नळांना येते.

काय पुढे ढकलू नये ?

काटकसरीच्या भरात मालाचे नुकसान होता कामा नये, हे येथे निक्षून सांगितले पाहिजे. दूध थंड करण्यास विलंब चालणार नाही. दोन तासांच्या उशिराने जंतूंची वाढ होऊन सारे दूध नासले तर वर्षाची बचत एका दिवसात जाईल. बर्फाची टाकी नसताना केवळ दर चढा आहे म्हणून सायंकाळी यंत्र बंद ठेवणे हा शुद्ध अविचार होय. द्राक्षे तोडल्यावर ती लवकरात लवकर पूर्वशीतकरणास गेली पाहिजेत. सुदैवाने तोडणी सकाळी होत असल्याने हे काम आपोआप दिवसाच्या सवलतीच्या तासांत येते. तोडणी व वाहतूक वेळेवर ठेवणे एवढीच दक्षता पुरे. केळी १३ अंश सेल्सिअसखाली ठेवल्यास काळी पडतात, म्हणून बेदाण्याप्रमाणे केळीच्या खोलीत आगाऊ थंडावा साठविता येत नाही. प्रत्येक मालाची मर्यादा जाणणाऱ्या माणसाच्या हातीच हे वेळापत्रक असावे.

कामगारांचाही विचार झाला पाहिजे. पाळी बदलल्याने त्यांच्या मजुरीत वा विश्रांतीत कपात होत असेल, तर ती बचत खरी बचत नव्हे. तो खर्च दुसऱ्याच्या माथी मारणे होय. दिवसाकडे सरकणारे वेळापत्रक बहुधा कामगारांस सोयीचेच ठरेल. तथापि त्यांना आधी विचारून, पूर्वसूचना देऊनच ते अमलात आणावे.

सुरुवात कशी करावी ?

१. मागील बारा महिन्यांची बिले काढून प्रत्येक महिन्याची उच्चतम मागणी, करारातील मागणी व वेळवार युनिट यांचा तक्ता करावा.

२. स्मार्ट मीटर असल्यास अर्ध्या तासाच्या नोंदी मागवून घ्याव्यात. नसल्यास आठवडाभर दर तासाला मीटरवरील आकडे वहीत टिपावेत.

३. प्रत्येक यंत्राची अश्वशक्ती व चालू-बंद होण्याची वेळ लिहावी. एक अश्वशक्ती म्हणजे ०.७४६ किलोवॅट, या हिशेबाने कोणत्या अर्ध्या तासात भार सर्वाधिक होतो ते काढावे.

४. सायंकाळच्या प्रत्येक कामापुढे ‘थांबू शकते’, ‘साठा केल्यास थांबू शकते’ व ‘थांबू शकत नाही’ यांपैकी एक शेरा लिहावा.

५. पहिल्या प्रकारची कामे लगेच दिवसा आणावीत. दुसऱ्या प्रकारासाठी कोठी, टाकी वा आइस बँक यांचा खर्च व परतफेडीचा काळ काढून संचालक मंडळापुढे ठेवावा. तिसऱ्या प्रकारास हात लावू नये.

६. वर्षभर उच्चांक खाली राहिल्याची खात्री पटल्यावर करारातील मागणी कमी करून घेण्यास अर्ज करावा. ही पायरी अनेक जण विसरतात.

शासन, आयोग व वितरण कंपनीचे कर्तव्य

उद्योगाने एवढे करावे असे म्हणताना दुसऱ्या बाजूचे कर्तव्यही सांगणे न्याय्य होईल.

पहिली अपेक्षा स्थैर्याची आहे. रात्रीच्या सवलतीवर विसंबून ज्यांनी यंत्रसामग्री व पाळ्या यांची रचना केली, त्यांना तास बदलल्याचा फटका बसला, ही वस्तुस्थिती आहे. बदलाचे कारण योग्य असले तरी त्यांची तक्रार अवाजवी म्हणता येणार नाही. आज शेतकऱ्यांची संस्था कर्ज काढून आइस बँक उभारील, तर कर्ज फिटेपर्यंत तरी दिवस-सायंकाळच्या दरांतील फरक टिकेल, असा भरवसा तिला मिळाला पाहिजे. निदान पाच वर्षे तासांत मोठा बदल होणार नाही व झालाच तर पुरेशी मुदत देऊन होईल, असे धोरण नियामक आयोगाने जाहीर करणे इष्ट आहे. असा भरवसा नसेल तर शहाणा संचालक पैसे गुंतविणार नाही, आणि त्यास दोषही देता येणार नाही.

दुसरी अपेक्षा पुरवठ्याची आहे. दिवसाची वीज स्वस्त असून उपयोग काय, जर दिवसाच ती खंडित होत असेल ? गावच्या वाहिनीवर सवलतीच्या तासांत अखंड व पुऱ्या दाबाने वीज मिळणे ही या साऱ्या योजनेची पूर्वअट आहे. शेतीपंपांस दिवसा वीज देण्यासाठी राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. त्याच दृष्टीने ग्रामीण उद्योगांच्या वाहिन्यांकडेही पाहिले जावे.

तिसरी अपेक्षा बिलाची आहे. वेळवार वापर व उच्चांकाचा दिवस आणि वेळ बिलावर सोप्या मराठीत ठळकपणे छापली जावी. ज्याला आपली चूक कोणत्या तासाला झाली हेच कळत नाही, तो ती सुधारणार कशी ? चौथी अपेक्षा अर्थसाहाय्याची. प्रक्रिया उद्योगांना यंत्रसामग्रीसाठी साहाय्य देताना बर्फाची टाकी, साठवण कोठी, अधिक चांगले उष्णतारोधन यांचाही अंतर्भाव असावा. नवे यंत्र घेण्यास अनुदान आणि त्याच यंत्राचा भार हलका करणाऱ्या टाकीस नाही, अशी विसंगती राहू नये.

सामाईक हित

उद्योगांनी उच्चांकाच्या वेळी भार आवरला तर त्याचा लाभ इतरांसही होतो, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. राज्यात विजेचा मोठा तुटवडा असताना निरनिराळ्या औद्योगिक वसाहतींना निरनिराळ्या वारी साप्ताहिक सुटी देऊन भार विभागला जात असे. २००६ साली पुण्यात उद्योगांनी तुटवड्याच्या वेळी स्वतःची जनित्रे चालवून वाहिन्यांवरील भार कमी केला व शहराचे भारनियमन टळले. तो मार्ग डिझेलमुळे खर्चाचा होता व सर्वत्र चालण्यासारखा नव्हता. बर्फाची टाकी व धान्याची कोठी यांना डिझेल लागत नाही.

गावात सायंकाळी ज्या वेळी गिरणीची मोटार थांबते, त्या वेळी त्याच रोहित्रावर अभ्यास करणाऱ्या मुलाच्या दिव्याला पुरा दाब मिळतो. कोयनेचे तेवढे पाणी मागे राहते. आणि संस्थेच्या बिलातून वाचलेली रक्कम सभासदांच्या भावात पडते. एका कृतीने तीन ठिकाणी हित साधणारे असे उपाय फार थोडे असतात. येत्या वार्षिक सभेपूर्वी प्रत्येक प्रक्रिया संस्थेने बारा महिन्यांची बिले समोर घेऊन वर सांगितलेला तक्ता तयार करावा व तो अहवालासोबत सभासदांपुढे ठेवावा. सायंकाळच्या तासांची किंमत सभासदांना एकदा आकड्यांत दिसली, म्हणजे पुढचे निर्णय घेण्यास त्यांना कोणाच्या उपदेशाची गरज उरणार नाही.